हौदा आणि अभ्यासिका



कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांत मुलगा दहावीत गेला की पहिला निर्णय तालमीबद्दल होतो. फुटबॉलचे बूट माळ्यावर जातात, पहाटेची तालीम बंद होते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितले जाते, ‘यंदा दहावी आहे.’ या ‘यंदा’ची एक गंमत आहे. दहावीनंतर बारावी येते, बारावीबरोबर प्रवेश परीक्षा, मग पदवी, मग स्पर्धा परीक्षेची दोन-तीन वर्षे. पंधराव्या वर्षी सुरू झालेले ‘यंदा’ पंचविसाव्या वर्षापर्यंत टिकते. तोवर बुटांचा नंबर बदललेला असतो आणि जिना चढताना धाप लागत असते. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे हे लांबलेले ‘यंदा’. अभ्यासात बुडालेल्या विद्यार्थ्याने व्यायाम करावा की नाही, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. करावा, हे कोणीच नाकारत नाही. उपदेश भरपूर झाला आहे आणि त्याने काही हललेले नाही. खरा प्रश्न असा की सगळ्यांना पटलेली ही गोष्ट घडत का नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आपण हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनोनिग्रहाचा करून टाकला, आणि मुळात तो वेळापत्रकाचा आहे. विद्यार्थ्याचे वेळापत्रक विद्यार्थी ठरवत नाही. शाळा, कॉलेज, क्लास, वसतिगृह, अभ्यासिका आणि एसटीचे वेळापत्रक मिळून ते ठरवतात.

हे बोलायला कोल्हापूरइतकी योग्य जागा दुसरी नाही. अभ्यास आणि व्यायाम या दोन्हींसाठी एकाच माणसाने, एकाच काळात, एकाच गावात इमारती उभ्या केल्या, असे उदाहरण महाराष्ट्रात शोधावे लागेल. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजांतल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह आले. खेड्यातला मुलगा शाळेत येत नाही याचे कारण त्याची नावड नाही, त्याला गावात राहायला जागा नाही, हे महाराजांनी ओळखले होते. १९०२ साली ते विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचे जुने आखाडे त्यांच्या मनात भरले आणि त्यातून खासबाग मैदान उभे राहिले. १९१२ साली ते तयार झाले. मध्ये खोलगट हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाठ टेकलेली दिसावी अशी. आज आपण बोर्डिंगला ‘समाजकार्य’ म्हणतो आणि खासबागला ‘कुस्तीचे वेड’. एकाच राजाच्या दोन छंदांसारखे त्यांच्याकडे पाहतो. मला ती वाटणी बरोबर वाटत नाही. दोन्हींमागे एकच व्यवहारी समज आहे: माणसाने जे करावे असे वाटते, त्यासाठी आधी जागा आणि वेळ बांधून द्यावी लागते. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. शिक्षणाची गोडी लागेपर्यंत ते थांबले नाहीत.

आता तालमीकडे जरा जवळून पाहू. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावे कुस्ती न पाहणाऱ्यालाही माहीत असतात. आत हौद्यात तांबडी माती असते, तीत तेल, ताक, हळद, काव, लिंबू मिसळलेले. ती रोज फावड्याने उकरून मऊ करावी लागते आणि ते काम नव्या पोरांकडे असते. उकरणे हीच त्यांची पहिली मेहनत. मग जोर, बैठका, मग लढती. भिंतीवर मारुतीची तसबीर आणि कोपऱ्यात वस्ताद. या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे जिच्याकडे आपण तालमीचे कौतुक करताना लक्ष देत नाही. तालमीत कोणी ‘आज जावे की न जावे’ असा विचार करत नाही. पहाटे माती उकरायची पाळी ठरलेली असते. जोडीदार ठरलेला असतो, आणि तो नाही आला तर दुसऱ्याची लढत अडते. वस्तादाच्या लक्षात कोण आले, कोण नाही हे न मोजता राहते. इच्छाशक्तीचा भाग फार थोडा, बाकी सगळे काम वेळ, जागा, जोडीदार आणि धाक करतात. आजच्या विद्यार्थ्याला आपण सांगतो, ‘रोज थोडा व्यायाम करत जा.’ म्हणजे वेळ त्याने काढायची, जागा त्याने शोधायची, सोबत कोणी नाही, आणि नाही केला तरी कोणी विचारणार नाही. तालमीतल्या चारही गोष्टी काढून घेऊन उरलेला उपदेश त्याच्या हातात दिला, तर त्याचे आठ दिवसांत काय होते हे वेगळे सांगायला नको.

या गावाला अभ्यास आणि आखाडा एकत्र नांदलेले माहीत आहेत. खाशाबा जाधव यांची गोष्ट सांगताना आपण ती बहुधा ऑलिंपिकपासून सुरू करतो. मला ती कॉलेजच्या दारापासून सुरू करावीशी वाटते. कराडजवळच्या गोळेश्वरात १९२६ साली जन्मलेला हा मुलगा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आला. चणीने लहान. कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत उतरायचे म्हटले तर क्रीडाशिक्षकांनी त्याच्या अंगकाठीकडे पाहून नाव घ्यायचेच नाकारले. तो प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य होते बॅरिस्टर खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली आणि या मुलाने आपल्याहून थोराड मल्लांना चीत केले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला, तोही मातीवर घडलेला गडी, मॅटवर. १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्याने कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जायला पैसे पुरत नव्हते तेव्हा खर्डेकरांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने लढून ते कर्ज फेडायला हातभार लावला, हेही ठाऊक आहे.

घर गहाण टाकण्याचा प्रसंग इतका मोठा आहे की त्याच्या आडोशाला आधीचा लहान प्रसंग झाकला जातो. एका विद्यार्थ्याचे नाव स्पर्धेच्या यादीत घालायचे की नाही, ही तक्रार प्राचार्यांच्या टेबलापर्यंत गेली आणि प्राचार्यांनी ती आपल्या कामाचा भाग मानली. ‘तू अभ्यासाकडे लक्ष दे’ असे म्हणून त्याला परत पाठवणे किती सोपे होते! १८८० साली सुरू झालेल्या, विद्वत्तेसाठी नावाजलेल्या कॉलेजच्या प्राचार्याला ते शोभलेही असते. पण विद्यार्थ्याच्या शरीराचे काय होते हेही कॉलेजचेच काम आहे असे खर्डेकरांनी मानले. गोष्टीची दुसरी बाजूही विसरू नये. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. कॉलेजची पायरी न चढता निव्वळ तालमीत राहिलेल्या मल्लाला त्या काळी ही वाट इतकी सरळ नव्हती. कोल्हापुरात पोरवयात शाळा सोडून आखाड्यात आलेले आणि तिशीनंतर गुडघे गेल्यावर हातात ना विद्या ना धंदा अशा अवस्थेत राहिलेले पैलवान पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांच्यासाठी मैदानात टाळ्या वाजतात, मैदानाबाहेर त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. म्हणून ‘अभ्यास सोडून व्यायाम’ याचे समर्थन मी करणार नाही. तोही आपल्या ‘यंदा’चाच उलटा अवतार आहे.

येथे कोणी टिळकांचे उदाहरण देईल. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष टिळकांनी अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले, ही हकीकत आपल्या शालेय पुस्तकांनी घरोघर पोचवली आहे. व्यायामाची थोरवी सांगताना ती हमखास येते. पण तिच्यातून निघते ते नेमके उलट. टिळकांनी दोन गोष्टी एकत्र केल्या नाहीत. एक वर्ष एकीला दिले आणि उरलेली दुसरीला. ज्याला एक वर्ष मोकळे टाकणे परवडते त्याच्यासाठी हा मार्ग उत्तम. शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या, गावाकडे उसाच्या बिलावर घर चालणाऱ्या मुलाला वर्ष वाया घालवा असे सांगणे म्हणजे थट्टा आहे. आणखी एक गोष्ट अशी की ‘आधी शरीर, मग विद्या’ या क्रमाची उलटापालट आपण फार सहज करतो. ‘आधी विद्या, शरीर नंतर.’ हे ‘नंतर’ कधी येते ते डॉक्टरांना विचारा.

मग दोन्ही बरोबर केल्यास अभ्यासाचे नुकसान होते का? याचे उत्तर मतांवर सोडायची गरज नाही, मोजून पाहिलेले आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर भागात १९७० ते १९७७ या काळात ५४६ प्राथमिक विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काही वर्गांना रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण दिले, आणि तो तास शाळा सुटल्यावरचा नव्हता. इतर विषयांच्या तासांतून कापून घेतलेला होता. शिकवण्याचा वेळ सुमारे १३ ते १४ टक्क्यांनी घटला. पहिलीत ही मुले थोडी मागे राहिली. पुढच्या बहुतेक इयत्तांत त्यांचे गुण इतरांपेक्षा चांगले आले. मला या प्रयोगातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट ते पहिलीतले मागे राहणे वाटते. पहिल्या वर्षी पालकांनी आरडाओरडा करून प्रयोग बंद पाडला असता तर? आपल्याकडे तसेच झाले असते अशी दाट शंका येते. २०१० साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अशा ५० अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत व्यायाम आणि अभ्यास यांच्यातले २५१ संबंध तपासले होते. निम्म्याहून किंचित जास्त अनुकूल निघाले, जवळजवळ निम्म्यांत काहीच फरक दिसला नाही, आणि प्रतिकूल निघाले ते दीड टक्का. हा दीड टक्का लक्षात ठेवा, कारण माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे.

स्मरणशक्तीबद्दलही काही प्रयोग आहेत. नेदरलँड्समध्ये ७२ जणांना चित्रांच्या जागा लक्षात ठेवायला दिल्या. एका गटाने शिकल्यावर लगेच व्यायाम केला, एका गटाने चार तासांनी, एका गटाने केलाच नाही. दोन दिवसांनी विचारले तेव्हा चार तासांनी व्यायाम केलेल्यांच्या लक्षात सर्वांत जास्त राहिले होते. लगेच केलेल्यांना फायदा दिसला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या बातम्या ‘व्यायामाने बुद्धी वाढते’ अशा मथळ्याने छापून आल्या. तसे काही त्यात सिद्ध होत नाही. वेळ कोणती हेही महत्त्वाचे असते, एवढे सूचित होते. पण सकाळी वाचलेले दुपारनंतर मैदानावर जाऊन मुरवणे ही कल्पना, ज्याला दुपारच्या जेवणानंतर पुस्तकावर डुलक्या येतात त्याला ऐकायला बरी वाटेल.

आता सर्वांत मजबूत आक्षेप. ‘हे प्रयोग लहान आहेत, निवडक आहेत, ज्यांना व्यायामाचे फायदे दाखवायचेच होते त्यांनी केलेले आहेत.’ हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. २०२३ साली एका व्यापक आढाव्यात निरोगी माणसांवर झालेल्या १०९ प्रयोगांची, अकरा हजारांहून जास्त लोकांची माहिती पुन्हा तपासली गेली. त्यात निघाले असे की नियमित व्यायामाने बुद्धीच्या चाचण्यांत दिसणारा फायदा मुळातच लहान आहे, आणि प्रयोगांतले दोष जमेस धरले की तो जवळपास नाहीसा होतो. व्यायामाचे भक्त या निष्कर्षाने नाराज होतात. मी होत नाही, कारण व्यायामाने गुण वाढतात असे मी म्हटलेलेच नाही. तसे म्हणणे धोक्याचेही आहे. गुणांसाठी व्यायाम करायला सांगितले की पहिल्या चाचणीत गुण वाढले नाहीत म्हणून मुलगा तो सोडतो. माझा दावा त्याहून लहान आहे आणि म्हणून जास्त टिकाऊ आहे: मोजका व्यायाम अभ्यासातून काही घेत नाही. तो दीड टक्का एवढेच सांगतो. घेत नसेल, तर शरीराला होणारे फायदे, म्हणजे झोप, पाठ, साखर, रक्तदाब, मनावरचा ताण, हे सगळे फुकट पदरात पडतात. ज्या सौद्यात काही जात नाही आणि थोडे का होईना येते, तो नाकारायला कारण शोधावे लागते.

‘वेळच नाही’ हे ते कारण. हे खोटे नाही, पण ते तपासून पाहायला एखाद्या अभ्यासिकेत डोकवावे. नंबर टाकलेल्या खुर्च्या, मध्ये प्लायवूडच्या भिंती, प्रत्येकाला एक प्लग आणि एक ट्यूबलाइट. कोपऱ्यात पाण्याचा कूलर. दिवसाला बारा-बारा तास बसणारी मुले. खुर्ची नंबराची नसेल तर चहाला उठताना वही पसरून ठेवायची, नाहीतर परत येईपर्यंत जागा गेलेली. हे बारा तास अभ्यासाचे नसतात, हे तिथे बसणारा प्रत्येक जण मनोमन जाणतो. त्यांत मोबाइल आहे, पेंग आहे, एकच परिच्छेद चौथ्यांदा वाचणे आहे. ‘किती वाचले’ याला उत्तर नसते तेव्हा ‘किती बसलो’ हे उत्तर दिले जाते. घरच्यांना फोनवर सांगायलाही तेच सोपे. बसणे ही आता अभ्यासाची खूण झाली आहे, जशी एके काळी डोक्यावरची शेंडी ही विद्येची खूण होती. या बारा तासांतून पाऊण तास काढला तर अभ्यासातला पाऊण तास गेला, हा हिशेब चुकीचा आहे. जाणारा पाऊण तास बहुधा चौथ्या वाचनातला असतो.

‘व्यायाम केला की झोप येते’ हा दुसरा आक्षेप खरा आहे, आणि त्याला तालीम जबाबदार आहे. कोल्हापुरात व्यायाम म्हटला की डोळ्यांसमोर पैलवानाची मेहनत येते. पाचशे-हजार जोर, तितक्याच बैठका, मग दूध, तूप, बदामाची थंडाई आणि दुपारी गाढ झोप. पैलवानाची झोप ही मेहनतीचाच भाग असते. ती नसेल तर अंग भरत नाही. विद्यार्थ्याने हे मोजमाप उचलले तर तो पुस्तकावर घोरणारच. खुराकही तसाच. गंगावेशच्या दूधकट्ट्यावर समोर म्हैस पिळून मिळणारा पेला मोठ्या चवीचा, पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने तो रोज रिचवला तर पोटावर दिसेल. तालमीकडून घ्यायची ती शिस्त, ओझे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी पाहिल्या तर प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम पुरतो, म्हणजे रोज २० ते ४५ मिनिटे. शाळकरी मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे. रंकाळ्याला एक भरभर फेरी, किंवा वसतिगृहाच्या गच्चीवर सूर्यनमस्कार आणि थोडे जोर. यात कोणाला पेंग येत नाही. मात्र पाच वर्षांत ज्याने जिना सोडून लिफ्टच वापरली त्याला पहिले पंधरा दिवस अंग दुखेल, हे आधी सांगून टाकावे.

दोन्ही गोष्टी एकत्र जमतात याचा पुरावा पाहायचा असेल तर परदेशी प्रयोगांकडे जायचीही गरज नाही. पहाटे कुठल्याही मोकळ्या मैदानावर किंवा शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात जावे. तिथे भरतीची पोरे धावत असतात. पोलीस भरतीच्या सध्याच्या पद्धतीत ५० गुण मैदानी चाचणीचे आणि १०० लेखीचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यांच्या भाषेत ‘ग्राउंड’ आणि ‘लेखी’. पहाटे पाचला ग्राउंड, नऊला क्लास, दुपारपासून अभ्यासिका. यांतली बरीच मुले शेतकऱ्यांची, मजुरांची, खोलीत चार-चार जण राहणारी. ज्यांच्याकडे सवड सर्वांत कमी तेच दोन्ही करतात, आणि ज्यांच्या घरी ट्रेडमिल आहे त्यांना वेळ मिळत नाही. कोणी म्हणेल, त्यांना गुण मिळतात म्हणून ते धावतात. अगदी बरोबर. ‘वेळ नाही’ हे वाक्य मागणी आली की गळून पडते, एवढेच मला दाखवायचे आहे. मागणी कोणी करायची, हा प्रश्न उरतो.

आपल्या व्यवस्थेने मागणी केलीच नाही असे नाही, पण ती चुकीच्या जागी केली. दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागा आहेत, नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीत खेळ आणि योगाला क्रेडिटही आले. पहिल्या दोन सवलती स्पर्धेत चमकणाऱ्यांसाठी आहेत. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, वीरधवल खाडे, स्वप्नील कुसाळे ही नावे या जिल्ह्याने देशाला दिली, आणि त्यांना जे मिळाले ते कमीच म्हणावे लागेल. पण ज्याला कधीच पदक मिळणार नाही अशा विद्यार्थ्याबद्दल आपण बोलत आहोत, आणि शंभरातले नव्व्याण्णव तसेच असतात. क्रेडिटची गत वेगळी. व्यायामाला गुण आले की त्याची प्रात्यक्षिक वही येते, वहीवर सही येते, आणि सूर्यनमस्कारांची आकृती पेन्सिलीने काढून विषय पूर्ण होतो. शाळेतला पी.टी.चा तास तर सहामाहीनंतर गणिताच्या शिक्षकांचाच असतो.

मुलींबद्दल आणि बाहेरगावाहून येणाऱ्यांबद्दल वेगळे बोलायला हवे, कारण इथे माझा युक्तिवाद थोडा अडखळतो. १४६ देशांतल्या सोळा लाख विद्यार्थ्यांची माहिती घेऊन २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलामुलींची हालचाल पुरेशी नाही असे निघाले. मुलग्यांत ७८, मुलींत ८५. कोल्हापूरची तालीम पिढ्यान्पिढ्या पुरुषांची होती. पेठेतला फुटबॉल आजही मुख्यतः त्यांचाच. मुलीला संध्याकाळी सातला एकटीने पळायला सुरक्षित रस्ता लागतो आणि घरी गेल्यावर भाकऱ्या तिलाच थापायच्या असतात. राधानगरी, शाहूवाडीकडून एसटीने येणाऱ्या मुलाचे तीन तास प्रवासात जातात, सुट्टीत तो शेतावर राबतो. त्याला व्यायामाचा उपदेश करणे हा सरळसरळ उद्धटपणा आहे. त्याला व्यायाम घडतोच, बसायला जागा मिळत नाही. पण नीट पाहिले तर हे अपवाद मूळ मुद्दा मोडत नाहीत, पक्का करतात. मुलीला हवे ते धैर्य नाही. कॉलेजच्या आवारात, दिवसाउजेडी, तिच्या मैत्रिणींसह बांधून दिलेला तास हवा आहे. तो घरी गेल्यावर मिळणार नाही, म्हणून तो शेवटच्या तासिकेच्या आधी असायला हवा, नंतर नव्हे. शेवटच्या तासिकेनंतर ठेवलेला प्रत्येक उपक्रम हा एसटी चुकवणाऱ्यांना वगळूनच ठेवलेला असतो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे, आणि ती विद्यार्थ्यांना उद्देशून नाही. कॉलेजांनी दुपारच्या मध्यावर एक तास रिकामा ठेवावा, जसा जेवणासाठी ठेवतात, आणि त्या वेळी मैदानाचे कुलूप काढलेले असावे. हजेरी नको, गुण नकोत, वही तर नकोच. वसतिगृहांनी रात्रीच्या हजेरीइतकेच पहाटेच्या हाकेकडे लक्ष द्यावे. शहरातल्या तालमींचे हौदे सकाळ-संध्याकाळच्या मेहनतीनंतर दिवसभर रिकामे असतात. तिथे पैलवान नसलेल्या पोरांसाठी अर्धा तास ठेवायला वस्तादांची हरकत असेल असे वाटत नाही, माती उकरायला तेवढेच हात. आणि अभ्यासिकांनी संध्याकाळी साडेसहाला पाऊण तास शटर निम्म्यावर ओढावे. कामावरून येणाऱ्याला तेवढाच वेळ मिळतो, तो बसू दे. बाकीच्यांना बाहेर काढायची गरज नाही, ती उठतील. उठत नाहीत याचे कारण आळस नसून ती पसरलेली वही आहे. सव्वासातला घामाघूम होऊन परत आल्यावर आपली खुर्ची, आपला प्लग आणि जिथे ठेवले होते तिथेच उघडे पुस्तक मिळेल, एवढी पाटी दारावर लावायला खडूच तर लागतो.